पाऊणपट

तरीवर जनू तारी विचारतो,
"कधी इलंस, कधी जातलंस?"
एका श्वासात दोन्ही.
मधे स्वल्पविरामापुरतंही थांबत नाही,
आणि माझं अख्खं वर्ष तर तिथंच आहे,
त्या न घेतलेल्या श्वासात.
मी हसते, दहा रुपये देते,
मनात अजून सव्वा क्रोन म्हणते.

ओलेसुंडला डिसेंबरात तीनला काळोख.
पट्ट्यावरून सामन यायचे, एकाच मापाचे,
जणू साच्यात ओतलेले,
आणि मी वजनं नोंदवायचे, हातांत दोन-दोन मोजे.
मासळीच्या कारखान्यात मासळीचा वास नव्हता.
पहिल्या आठवड्यात मी त्यावरूनच रडले.
"रावसासारखो काय?" आई फोनवर विचारायची.
हो म्हणायचे.
नाही, पण हो.

तिथं भिंतीवर भरती-ओहोटीचा छापील तक्ता,
मिनिटांसकट. कधी चुकला नाही.
ब्योर्गला एकदा सांगितलं, आमच्याकडे
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
"तिथी म्हणजे?"
काचेवरच्या वाफेत मी बोटानं चंद्र काढला.
बराच वेळ होता तो तिथं, ओघळत.

काल रात्री वर्षाची पाऊणपट करून पाहिली.
बारा, म्हणजे नऊ.
नऊ महिने मी तिथं होते, कबूल:
ब्योर्गच्या कुंपणातली आंबट काळी फळं,
जूनमधली न संपणारी संध्याकाळ,
बाबांच्या इंजिनाचा शेवटचा हप्ता
भरून झाल्याचा तो मेसेज, जेवणाच्या सुट्टीत.
उरलेले तीन
भिंतीकडे तोंड करून गेले.
ते कुणाच्या खात्यावर नाहीत.
परत हवेत असंही नाही,
पण लिहून ठेवावेत.

आज अष्टमी. भांगाचं पाणी,
ना धड चढतं, ना धड उतरतं.
मी घरी आले तीही अष्टमीच, वद्य.
सत्यभामा आत्ये पायरीवर कोयती घासत म्हणते,
"भांगाक कालवां गावनत नाय. पुनवेक ये."

म्हणून गेल्या वर्षाच्या कॅलेंडरमागं
लिहायला घेतलं.
होडी एकटीनं पल्याड न्यायची.
(लहानपणी वल्हं भावाच्या हातात दिलं, माझ्या नाही.
तेव्हा मनाला लावून घेतलं नव्हतं, आता घेतलंय.)
खाडीचं पाणी दर पंधरवड्याला बाटलीत, तारीख घालून,
तपासून आणायचं, कागद हॉटेलवाल्यापुढं ठेवायचा,
म्हणजे आत्येची कालवं तो नाक मुरडून
अर्ध्या भावात उचलणार नाही.
लग्नाचं विचारतील त्यांना
इथं पेन थांबलं. खोडलं.
परत जायचं की नाही, हे गणपतीपर्यंत
स्वतःलाही विचारायचं नाही.
ही ओळ दोनदा लिहिली गेली आहे.

संध्याकाळी वल्हं घेतलं.
होडी जागच्या जागी फिरली,
रवळीखाली सापडलेल्या कोंबडीसारखी.
धक्क्यावरची पोरं खिंकाळली.
जनू तारी हसला नाही,
विडी संपेस्तोवर बघत राहिला,
मग म्हणाला, "हातान नको गो, पाठीन ओढ."
तिसऱ्या खेपेला खांबापर्यंत गेले.
खांबापर्यंतच. तळहाताला फोड आला,
मोज्यांशिवायचा, वर्षातला पहिला.

पुनव सात दिवसांवर.
पंधराची पाऊणपट सव्वाअकरा,
म्हणजे ओहोटी पहाटे पाच-सव्वापाचला.
फोनमधे अजून दोन घड्याळं आहेत.
इथं साडेसात, तिथं तीन,
ब्योर्ग दिवे लावत असेल.
गजर लावला, पावणेपाचचा.

आत्येनं माळ्यावरून टोपली काढून ठेवलीय,
एकच.
तिला सांगायला हवं.