आधी कंदील

हरिपूरच्या रस्त्याला, वजनकाट्यापलीकडच्या टपरीत
बाबालाल शिकलगार मला विचारतात,
एका हातात बशी, दुसऱ्यात माझा फोन उलटा धरून:
"ह्यो ड्राफ्ट म्हंजे काय गं?"

लिहिलंय, पण अजून बाहेर सोडलं नाही ते.
"म्हंजे शिजवलीया, वाळली न्हाई."
हो, तेच.
माझ्याकडे अशी एकतीस पडलीत,
अवकाळीत खळ्यावर राहिलेल्या हळदीसारखी,
वरून पिवळी, मोडली की कुबट.

पेवांची कामं बंद झाली तेव्हापासून ते बोलतात, मी लिहिते:
तोंड केवढं, पोट केवढं,
पाला कुठून आणायचा, किती दिवस धुरी द्यायची,
कुणाची पोती, कुठल्या साली, भाव फुटला तेव्हा कोण रडलं.
आणि लिहिताना पडद्याच्या कडेला
परपेठेतल्या व्यापाऱ्यांसारखे बसलेले हे शब्द
मी त्यांना एकेक वाचून दाखवते.

टॅग.
"पोत्याच्या सुतळीत अडकवत्यात ती चिठ्ठी."
टेम्प्लेट, म्हणजे साचा.
"पेवाला साचा नसतोय. माती म्हणंल तसं."
हेडर.
"पागोटं," आणि स्वतःच हसतात.
बॅकअप त्यांना पटत नाही.
एकच माल दोन ठिकाणी? मग भाव कुठला धरायचा?
मी अडतीतल्या दिवाणजीची पोर,
मलाही उत्तर आलं नाही.

कॅशे सांगताना मी अडखळले.
म्हटलं, पान बदललेलं असतं,
पण यंत्राला जुनंच आठवतं, ते जुनंच दाखवत राहतं.
ते जरा वेळ रस्त्याकडं बघत राहिले.
"आमची हमीदा तशीच.
थोरला भिवंडीला जाऊन सात वर्सं झाली,
सकाळी अजून चार कप मांडती."

आर्काइव्ह म्हटल्यावर मात्र बशी खाली ठेवली.
जुनं सगळं, मी म्हटलं, महिन्यावर महिना रचलेलं.
"आन् उतरायचं कसं?"
महिन्यावर बोट ठेवायचं.
"लगीच?"
लगेच.
"न्हाई." आवाज चढला त्यांचा.
"दगूड सरकवला की दीस-दीस थांबायचं.
आत वारा मेलेला असतोय.
मग कंदील सोडायचा दोरीला बांधून, आधी कंदील.
इझला तर माणसानं उतरायचं न्हाई.
माझा चुलता उतरला हुता."
एकतिसावा ड्राफ्ट म्हणजे ती एक ओळ.
पुढे मी विचारलं नाही.

त्या रात्री मी बोट ठेवलं दोन हजार अकराच्या श्रावणावर.
तेव्हा मी रोज लिहायची, आई मिरजेला दवाखान्यात होती,
आणि मी लिहीत होते भडंगाबद्दल, आयर्विन पुलावरच्या वाऱ्याबद्दल,
एका मैत्रिणीच्या पानाकडे जाणारे निळे शब्द मध्येमध्ये पेरून.
ते दाबले. पान सापडले नाही.
पुन्हा दाबले.
छातीत काहीतरी फडफडून बारीक झालं,
मी फोन पालथा घातला.

सकाळी त्यांना पर्मालिंक सांगितली:
कायमचा पत्ता, काही झालं तरी न हलणारा.
ते उठले, मला मागच्या रानात घेऊन गेले.
पुराच्या गाळावर आता प्लॉटचे चुन्याचे पट्टे.
"लिंबापास्नं सव्वीस पावलं, संगमाकडं त्वांड करून.
शेवटचं पेव. हितं."
लिंब कुठाय, चाचा?
"हुता की."

मग तो नसलेला लिंब पाठीशी घेऊन
ते मोजत निघाले.
सव्विसाव्या पावलाला थांबले, टाच आपटली,
सरकून पुन्हा आपटली,
कान जमिनीकडं.
"पोकळ वाजतंय का बघ."

मला कळेना.
रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, गाणी लावून.
मी म्हटलं, तो जाऊ दे,
मग पुन्हा आपटा.