उंचवटा

पूर्व भागात, गुंडेटींच्या कारखान्याच्या माळ्यावर माझं टेबल.
त्यावर काड्यापेटीएवढा ऑसिलेटर,
सेकंदाला एक कोटी ठोके,
निदान त्याच्या कागदावर तरी.
खाली अठरा माग. एप्रिल. पत्र्याखाली पारा त्रेचाळीसवर.

चाळीस दिवसांचे आकडे घेतले.
रेघ उतरत जायला हवी होती,
जितकी लांब सरासरी, तितका हेलकावा कमी.
पण नऊ तासांपाशी ती फुगली,
लस टोचल्यावर दंडाला येते तशी.

मी आधी मागांवर आळ घेतला.
मग विजेवर.
मग डाग पुन्हा दिला, बोट भाजून घेतलं.
रेघ पुढे गेली
आणि चोवीस तासांवर खोल बुडाली,
दोष तिथे नावालाही नाही.

म्हणजे ऊन.
दिवसाचा चढ, रात्रीचा उतार,
पूर्ण फेरा धरला की एकमेकांना फेडून टाकतात.
अर्ध्याच्या जरा अलीकडे मोजा,
सगळी थरथर तिथेच सापडते.

नाना एक आठवडा दिवसपाळीला, एक आठवडा रातपाळीला.
चौदा दिवसांचा फेरा.
त्याचा उंचवटा पाच दिवसांवर येतो,
हे आज, वहीच्या कोपऱ्यात, सहज भागाकार करताना.

हॉस्टेलवरून मी यायची ती पाचच दिवस.
एका सुट्टीत त्यांनी ताट भिरकावलं,
दिवसा झोपलेल्या घरात मी रेडिओ लावला म्हणून.
पुढच्या सुट्टीत स्टेशनवर गाडीबरोबर धावले,
शेंगाचटणीची पुडी खिडकीतून आत कोंबायला.
बेभरवशाचा माणूस, मी अम्माला लिहिलं.
अम्माला वाचता येत नव्हतं. शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं असणार.

अम्मा सुपात विड्या वळायची, हजार झाल्याशिवाय उठायची नाही.
"सोमवारी पाळी बदलते," एवढंच म्हणायची.
तिचं माप चौदा दिवसांचं होतं.
तिला तो माणूस सरळ दिसायचा.

पण ताट भिरकावलं होतंच.
सरासरीत ते जिरतं, भिंतीवरचं वरण तिनंच पुसलं होतं.

चिंचोळीच्या पार्टीला रिपोर्ट पाठवला.
बुडीही लिहिली, उंचवटाही,
किती वेळाच्या सरासरीवर, तेही.
नानांना जाऊन सहा वर्षं झाली.
ते ताट माझ्याकडे आहे.
आज घासून पालथं घातलं,
आतला पोचा पाठीवर फुगून आलेला,
त्यावरून बोट फिरवलं.
खाली रातपाळी लागली.