एकसष्ट हजार मैल

ईरीत नवीन आलेल्या कुणाला गाडी घ्यायची असली
की लोक माझा नंबर देतात.
रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात तीस वर्षं गिअर तपासले,
माझी लायकी एवढीच.

आजचा केदार खासनीस, हॉस्पिटलच्या लॅबमधला.
काल शोरूममध्ये जाऊन आलेला,
नव्या सेडानचा वास अजून त्याच्या बोलण्याला.
"काका, स्क्रीन केवढी! सीट गरम होते.
आणि हप्ता फक्त चारशे दहा."
त्याचं ते 'फक्त' मी बहात्तर महिन्यांनी गुणून
त्याच्या हातावर ठेवलं.
अडतिसाव्या रस्त्यापर्यंत मग तो काही बोलला नाही.

वोयचिकबाई गॅरेज उघडून उभ्या होत्या.
छोटी राखाडी सेडान, तेरा सालची.
"स्टॅनलीची आहे," म्हणाल्या.
मग, "होती."

गाडी गार असताना बघावी.
तापलेलं इंजिन गोड बोलतं.
बॉनेटवर तळहात टेकला: गार. बाई खऱ्या.
सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून हुंगला;
पुरात बुडालेली गाडी तिथे कबुली देते.
हिने दिली नाही. नुसता पेपरमिंटचा वास.
टायरच्या खाचेत पेनी उलटी घातली,
नाण्यावरच्या माणसाचे केस दिसले,
म्हणजे पुढचे दोन गेले.

मग पुठ्ठा अंथरून खाली उताणा शिरलो.
तळ्याकाठचं गाव हे, नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यांवर मीठ.
आपल्याकडे माणसं खाल्ल्या मिठाला जागतात,
इथे मीठच गाडी खातं.
पण गंज वरवरचा. नखाने खरवडला,
नख हरलं.

फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून
मी पत्र्यावरून फिरवतो.
केदार हसला. हसू दे.
डावीकडे चिकटत, चिकटत गेलं
आणि उजव्या पुढच्या चाकावर
सुटलं.
आत लांबी भरलेली. वर रंग, चांगल्या हाताचा.
बॉनेटची फट डावीकडे तांदळाएवढी,
उजवीकडे गव्हाएवढी.

डॅशबोर्डच्या कप्प्यात वही होती.
पेन्सिलीने प्रत्येक ऑइल, तारीख, मैल,
कोणे एके गुरुवारी बदललेला वायपर.
आणि एका पानावर:
'१४ ऑक्टोबर. ६३० डॉलर, रोख. डी.ला नको.'
बाईंचं नाव डोलोरेस.
पुढे सहा आठवडे मैल जागचे हलले नाहीत.
मग 'डोळ्यांचा डॉक्टर, अडीच वाजता.'
त्यानंतर अक्षर मोठं मोठं होत गेलेलं,
शेवटच्या पानावर तीनच ओळी मावल्या होत्या.

"काही सापडलं?" बाईंनी विचारलं.
"पुढचे दोन टायर," मी म्हटलं.
आणि केदारला, आपल्या भाषेत, सगळं.
त्याला कळायलाच हवं, पैसे त्याचे आहेत.
"मग चारशे कमी मागू?"
"माग पत्र्याचे. सांग टायरचे."

चक्कर मारून आणली. ब्रेक सरळ,
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना जराही हिसका नाही.
त्याने मागितले, भाषण पाठ केल्यासारखे.
बाईंनी ऐकून घेतलं. टायरचे दीडशे सोडले,
एक डॉलर जास्त नाही.
दुसरी चावी माझ्या हातात देताना
हळूच म्हणाल्या,
"उजवी बाजू मी किमतीत आधीच धरली होती."
वही मात्र परत मागून घेतली.

केदार चाकामागे बसायला गेला तर
गुडघे अडकले.
सीट पार पुढे, काचेला नाक लागेल इतकी.
खालची दांडी उचलून तो मागे सरकला.
नऊ खटके.
मी मोजले.
दारात उभ्या बाईंनीही मोजले असावेत.