वापरण्यापूर्वी नीट हलवावे

एरंडोलात, दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
बावीस वर्षं उभी आहे डुक्कर फियाट.
मी कंपाउंडर. गाडी शिकलो नाही कधी.
मिक्स्चरच्या बाटलीवर कागदाच्या खुणा कातरून चिकटवणं,
तेवढी एक विद्या हातात.
गुजराथीबाईंच्या मृत्युपत्रात माझ्या नावची एकच ओळ:
गाडी यांना. पुढचं त्यांनी ठरवावं.

शेजारचा वाल्मीक म्हणाला,
"भंगारवाला देई राह्यना तीस हजार, इकी टाका ना आण्णा."

यावलहून हसरत तडवी आला. बॉनेट उघडलं.
एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांची कापसाची गादी,
आणि कापसात बाईंच्या पॅडचे कुरतडलेले तुकडे.
एकावर अजून वाचता येत होतं:
जेवणानंतर, तीनदा.

मी किल्लीला हात घातला, तर त्यानं मनगट धरलं.
"बावीस वर्षं घसा कोरडा असलेल्याला
उठल्या उठल्या कुणी पळायला लावतं का?"

मग चारी प्लग काढले.
प्रत्येक भोकात दोन दोन चमचे तेल,
चमचा माझा, मापाचा.
दोन रात्री मुरू दिलं.
तिसऱ्या सकाळी पुढून हँडल घालून
हळू, अगदी हळू,
आणि आत काहीतरी सुटलं,
जुन्या बरणीचं झाकण सुटतं तसं.

टाकीतलं पेट्रोल वार्निश होऊन बसलेलं. ते काढलं.
नव्यात म्हणे उसाची दारू असते,
जुन्या रबरी नळ्या ती पिऊन फुगतात.
नळ्या बदलल्या.

इंजिनला वीस-पन्नास.
दुकानदार पातळ, महाग तेल पुढे सरकवत होता.
हसरत म्हणाला, हिच्या सांध्यांतून ते एका रात्रीत जमिनीवर येईल,
आणि त्यातला साबण सगळा गाळ एकदम उठवेल.
मला पटलं.
म्हाताऱ्यांना जुलाबाचं औषध
बाई कधीच पुऱ्या मात्रेत देत नसत.
हजार किलोमीटर झाले की तेल बदलायचं, पुन्हा तेच.

गिअरला नव्वद नंबर, पण गंधकाचं जहाल नको.
आत पितळ आहे, ते पितळ खातं.
ब्रेकला डॉट तीन, आणि डबा सीलबंदच हवा:
उघडा राहिला की हवेतलं पाणी ओढतो,
श्रावणातल्या मिठासारखा.
हे सगळं मी वहीत लिहून घेत होतो,
हसरत हसत होता.

रेडिएटरला मात्र मला विचारावं लागलं नाही.
आमच्या विहिरीच्या पाण्यानं पातेल्यांना पांढरं पूट चढतं.
डिस्टिल्ड वॉटर.
चाळीस वर्षं सुयांसाठी तेच तर आणत होतो.

एका वैशाखात, रात्री दीडला,
कासोद्याच्या अलीकडे हिचं पाणी उकळलं होतं.
मी कंदील घेऊन मळ्यात गेलो बादली मागायला.
परत आलो तर बाई मडगार्डवर बसून
भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या.
"बाळ काही थांबणार नाही आपल्यासाठी," म्हणाल्या,
आणि मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.
बाळ थांबलं होतं.

परवा ती सुरू झाली.
आधी काळा धूर, मग निळसर, मग नुसता आवाज.
वाल्मीकची पोरं टाळ्या वाजवायला लागली.
हसरतनं उजवीकडचं दार उघडून धरलं: बसा, मालक.
मी वळसा घालून डावीकडे जाऊन बसलो.
मांडीवर बॅग नव्हती,
तर हात कुठे ठेवावेत ते कळेना.

त्यानं गावाबाहेर अंजनीच्या पुलापर्यंत नेऊन आणली.
दर पंधरवड्याला एवढं तरी करा, म्हणाला,
नुसती उभी ठेवू नका.
मी एक चिठ्ठी कातरली, स्टिअरिंगवर चिकटवली.
चालवायला वाल्मीकचा थोरला तयार आहे,
तीस हजारांचं आता कुणी बोलत नाही.

रात्री खाली एनॅमलचा किडनी ट्रे ठेवतो.
सकाळी वाकून बघतो:
हिरवं असेल तर पाणी, पिवळसर असेल तर ब्रेक,
काळं असेल तर इंजिन.
आज दोन थेंब, काळे.
वहीत मांडले.
काल तीन होते.