दीड वाजताचा लाल

इस्लामपुरात, एसटी स्टँडच्या मागच्या बोळात
माझं दुकान होतं, सहा बाय नऊ.
वर डॉक्टर गोसावींचा दातांचा दवाखाना.
खाली आवाज झाला की वरून बूट आपटायचा,
म्हणून दुरुस्तीला आलेला प्रत्येक टीव्ही
मी मुकाच तपासला.

दुपारी दीडला ती यायची.
हिरव्या बांगड्या, मनगटावर भाजल्याचा जुना डाग,
मागं कधीच न सुकणारी कोथिंबीर.
नाव खाली लिहून यायचं, पण बहुतेक सेटांची
नेमकी तेवढीच पट्टी गेलेली असायची.
मी त्यांना दीडवाल्या बाई म्हणायचो.

रंग जुळवायला लोक काय काय लावतात,
मी बाईंचा कांदा लावायचो.
हिरवट दिसला, स्क्रू पाव फेरा मागं.
गुलाबी. मग बदामी. बास.
तिखट पडलं की लाल बघायचा:
विटकरी दिसला तर ट्यूब म्हातारी,
जांभळा दिसला तर घरात कुणीतरी
सेटाला चिकटून स्पीकर ठेवलाय.
हळदीवर किती सेट पास केले, मोजले नाहीत.

बाई लबाड होत्या, हेही मलाच ठाऊक.
शेगडीवरच्या कढईचा एक कान उडालेला,
जाहिरातीनंतर टेबलावर आलेली कढई धडधाकट.
मी कुणाला बोललो नाही.
आम्हीही पार्ट बदलला म्हणतो
आणि कधीकधी नुसती धूळ फुंकतो.

एकदा त्यांनी आमचा अख्खा मसूर केला.
सहा बाय नऊमध्ये अकरा माणसं,
बाबालाल शिकलगार चहाचा कप तसाच धरून.
मसूर शिजला, कांदा झाला, तवंग आला,
आणि बाईंनी वाटीभर साय ओतली.
"आरं आरं आरं!" बाबालालनं काचेला हात लावला,
जणू वाटी धरता येणार होती.
वरून बूट.
पुढं महिनाभर गावात कुणी कुणाला गंडवलं
की म्हणायचे, साय घातली बघ.

मग छबू अकरा दिवस मिरजेला गेली,
आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला.
पहिल्या रात्री मी भरली वांगी केली.
सगळं पाठ होतं: देठ ठेवायचे, चार चिरा,
कूट, खोबरं, मनगट असं फिरवायचं.
रंग असा उतरला
की गिऱ्हाइकाला बिल लावावं.
घास घेतला
आणि कळलं, मीठ पडद्यावर दिसत नाही.
पांढऱ्या ओट्याशी पांढऱ्या चिमटीतून
ते कधी पडायचं, एवढ्या वर्षांत
मी पाहिलंच नव्हतं.

त्या सोमवारी डॉक्टर पाहुण्यांच्या लग्नाला गेले.
मी आवाज सोडला.
बाईंचा आवाज त्यांच्या हातांपेक्षा
वीस वर्षांनी मोठा निघाला.
घोगरा, जरा धापेचा, वाक्यामागं "हं का".
म्हणाल्या, मीठ चवीनुसार, हं का.
सोल्डरचा धूर नाकात जात होता, मी तसाच.
चवीनुसार म्हणजे कुणाच्या?
तेवढ्यात जाहिरात लागली.

छबू आली ती पिशवी खांद्यावर ठेवूनच चुलीशी.
पळीतला थेंब तळहाताच्या खळग्यात घेतला, चाटला.
मिरजेपासून उभ्यानं आलेली, बोलायचं त्राण नव्हतं.
नुसता अंगठा आणि बोट हवेत फिरवलं,
आवाज थोडा वाढव म्हणतात, तसं.

आता दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात.
नातवाच्या फोनवर नुसते हात स्वयंपाक करतात,
तोंड नाही, भाजल्याचा डाग नाही,
अर्ध्या मिनिटात वांगी तयार.
छान असतात. नाही म्हणत नाही.
फक्त त्यांचा कांदा मला जरा हिरवट दिसतो
आणि मागं फिरवायला स्क्रू नाही.