डावी कॉटर

उजवी सुटली पहिल्या दणक्यात.
डावी तीन दिवस धरून बसलीय.

खानापुरात, स्टेशन रोडला,
माझं दुकान म्हणजे चार पत्रे, हवेचा पंप
आणि भरमाण्णाची ऐरण. भरमाण्णा गेला, ऐरण राहिली.
तिला टेकून गिरिजक्कांची सायकल,
लेडीज, कधीतरी हिरवी होती,
नऊ वर्षं खुराड्यामागं उभी.
नातीला पाहिजे म्हणे. क्रँक वाकलाय, काढून दुसरा घाल.

काढून, म्हणायला एकच शब्द लागतो.

पहिल्या दिवशी रॉकेल.
थेंब थेंब, दुखऱ्या कानात तेल घालावं तसं,
आणि रात्रभर वाट.
इथला पाऊस लोखंडाला लोखंड शिवून टाकतो,
टाका दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी नट मागं घेतला, पिनेच्या टोकाशी बरोबर,
आटे मरू नयेत म्हणून.
हे भरमाण्णानं शिकवलं, कानाखाली देऊन:
"नट न लावता मारूलैस व्हय रे? आटे तुझा बाप पाडणार?"
क्रँकखाली पाइपचा तुकडा उभा केला,
दणका जमिनीत जावा, छऱ्यांत नको.
एकच मार, पण मनापासून.
दहा हलके मारले की पिन नुसती फुगते,
भावकीतल्या भांडणासारखी.

मी अकरा मारले.

गिरिजक्का बाकड्यावर. "बरतैतेनो, जोत्या?"
"तडी अक्का."
एवढंच कन्नड माझं, बाकी मराठी. त्यांचं उलटं.
शिव्या सामाईक, त्याही पिनेला.

सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या.
लशीचा डबा कॅरियरला, गर्लगुंजी, इदलहोंड,
चढाला उतरून, उताराला पदर खोचून.
अर्धा तालुका त्यांच्या सुईला ओळखतो.
माझाही डावा दंड.

तिसऱ्या दिवशी ब्लोलॅम्प.
क्रँक तापवायचा, पिन नाही,
पाण्याचा थेंब नाचेल इतकाच.
मग हातोडी.
ठण्ण.
ठण्ण.
ठब.

आवाज बदलला की मान वर करायची नसते.
अजून एक, आणि ती धुळीत पडली,
करंगळीएवढी.

चिंधीनं पुसली.
उताराची बाजू आडवी घासलेली, तीन हात,
आणि मध्ये एक ओरखडा, केसासारखा.
भरमाण्णाच्या कानशीचा एक दात तुटका होता.
कोपऱ्यातला. मीच पाडला होता.

तेरा वर्षांचा होतो. भरमाण्णा नंदगडच्या बाजाराला.
सिस्टर दारात, घामाघूम, इदलहोंडला कुणी बाई अडलेली,
"लगेच घाल रे, काहीतरी घाल."
मी घातलं.
काहीतरी.

म्हणजे उजवा पाय बारावर असताना
डावा सहावर नाही, साडेसहाला.
दर फेऱ्याला.

"अक्का, चालवताना काय वाटायचं?"
त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.
डावा. सव्वीस वर्षं. खाली जाताना एक हिसका.
बेळगावच्या डॉक्टरनं फोटो काढला, काही नाही म्हणाला.
मी म्हटलं, फोटोत दुखणं कुठं उमटतंय.

पिन अजून गरम होती. मी मूठ मिटली,
उघडली,
आणि सांगितलं.

त्यांनी ती उजेडाकडं धरली,
थर्मामीटर धरावा तशी.
बराच वेळ.
"म्हणजे," त्या म्हणाल्या, चक्क मराठीत,
"गुडघा चांगला आहे माझा?"

मग उठल्या. हवेच्या पंपापर्यंत चालत गेल्या,
परत आल्या.
पुन्हा गेल्या.
लंगडत होत्या, थोडं.
त्या दिवशी वेळेवर पोचले होते बघ, एवढंच म्हणाल्या,
मुलगी झाली, तिलाही आता मुली असतील,
आणि पिन बटव्यात टाकली, सुपारीशेजारी.

मी नवी व्हाइसमध्ये धरली.
कानस उचलली. हात थांबला.

लांबीतून, जोत्या.
लांबीतून.