सातवं वळण

एक लाल, एक पिवळी, दोन निळ्या.
चार कायाक, आणि संस्थेच्या कर्जाचे सोळा हप्ते अजून.
पोटात पोकळ आहेत म्हणून बुडत नाहीत,
असं मी सांगते तेव्हा पाहुणे हसतात.
होडीला नाव हवंच, हा कायतानचा हट्ट.
मोठ्या होडीच्या उरल्या रंगानं त्यानं लिहिलं:
पिएदाद. शांतादुर्गा. वादळी.
चौथी कोरी आहे.
मी काही सुचवत नाही म्हणून.

तळपणच्या नदीत काय दाखवायचं
ते मे महिन्यात शाळेच्या ओट्यावर ठरलं.
खाजनाचं मानस दाखवायचं, फळी वर उचलून.
कालवं फोडायला शिकवायचं;
हात कापला तर हळद आपली.
सत्यवतीकाकीचं हुमण, उकडा भात,
दुसऱ्यांदा भात घेतला तर त्याचे पैसे नाहीत.
कासवं नाहीत.
त्यांना विचारल्याशिवाय नको, लाडू म्हणाला,
आणि कुणी हसलं नाही.

मग गोष्टींवर आलो.
टोपी वाहून गेलेल्या साहेबाची सांगायची.
(खोटी आहे. पोरांना आवडते.)
मानसात अडकलेल्या मगरीची सांगायची,
थोडी लहान करून.
सातव्या वळणाची
काकीनं हात वर केला, कोपरापर्यंत पिठाचा.
इतिवृत्तात एवढंच आहे:
विषय आठवा. सांगू नये. मंजूर.
मी त्या दिवशी तोंड उघडलं नव्हतं.

आज नाशिकचे एक सर, त्यांची बायको,
आणि चष्म्याला दोरी बांधलेला मुलगा.
लाटण्यासारखं धरलं होतं त्यानं वल्हं.
अरे, पाण्याची पोळी करायची नाही आपल्याला.
मनगट फिरव. हां.
पहिल्या वळणाला साहेबाची टोपी,
तिसऱ्याला मगर,
पाचव्याला सरांनी विचारलं,
इथे जागेचा भाव काय चालतो?
मी म्हटलं, भरती उतरायला लागली, चला.

सातव्याला मी वल्हं मांडीवर आडवं ठेवते.
कांदळाच्या सावलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
पाणीच नेतं.
पाहुण्यांना वाटतं, पक्षी असणार.
दुर्बिणी वर जातात.
आणि खरंच वाकलेल्या फांदीवर
खंड्या बसलेला असतो, दर वेळी.
त्यालाही सभासद करून घ्यायला हवं.

सर खंड्या बघत होते.
बाई खंड्याचा फोटो काढत होत्या.
मुलगा माझ्याकडे बघत होता.
विचारलं काही नाही त्यानं.
स्वतःचं वल्हंही मांडीवर आडवं ठेवलं,
पँट भिजू दिली.
चार थेंब, पाच थेंब,
मग वळण मागे पडलं.

काठावर अभिप्रायाची वही असते.
सरांनी लिहिलं, निसर्गरम्य, शौचालय सुधारावे.
खाली, चष्म्याच्या दोरीतून पाणी ठिबकून
फुगलेल्या कागदावर, मोठ्या अक्षरात:
भात दोनदा घेतला.